वाचकांचे प्रश्न : मागे पडणारे घड्याळ

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या खोलीत अभ्यासिका चालते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांसाठी मी ९० मिनिटांच्या सराव परीक्षेचे वेबपेज जावास्क्रिप्टमध्ये तयार केले असून त्यात उलटी मोजणी करणारे घड्याळ बसवले आहे. मोबाईलवर कोणी मध्येच व्हॉट्सॲप उघडले की हे घड्याळ मागे पडते आणि त्या मुलाला जास्तीचा वेळ मिळतो. संगणकावर लाईन गेली की मोजणी पुन्हा ९० मिनिटांपासून सुरू होते. उपाय सांगावा.

उत्तर : आपण पाठवलेल्या कोडमध्ये ५४०० सेकंद एका व्हेरिएबलमध्ये ठेवून ‘सेटइंटर्व्हल’ने दर हजार मिलिसेकंदांनी त्यातून एक वजा केला आहे. दोष तिथेच आहे. हजार मिलिसेकंद झाल्याशिवाय वजाबाकीचे फंक्शन (कोडचा तो तुकडा) चालणार नाही एवढीच हमी ब्राउझर देतो. ते नेमके त्याच क्षणी चालेल, अशी हमी तो कधीच देत नाही. पेज नजरेआड गेले की बॅटरी वाचवण्यासाठी ब्राउझर टायमर आणखी मंद करतो. क्रोममध्ये २०२१ सालच्या ८८व्या आवृत्तीपासून, पाच मिनिटांहून अधिक काळ झाकलेल्या पेजचे असे टायमर मिनिटाला एकदाच चालू शकतात. म्हणजे खरे एक मिनिट सरते आणि आपल्या हिशेबातून जेमतेम एक सेकंद वजा होतो. स्क्रीन बंद झाली, तर बहुतेक फोनवर तेवढेही होत नाही.

म्हणून सेकंद मोजत बसूच नये. परीक्षा सुरू होताच ‘डेट.नाऊ’ने मिळणाऱ्या संख्येत, म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनच्या मिलिसेकंदांत, ५४ लाख मिळवून परीक्षा संपण्याचा क्षण ठरवावा आणि पुढे दर वेळी त्यातून चालू क्षण वजा करून उरलेला वेळ दाखवावा. मग फंक्शन उशिरा चालले, तरी आकडा बरोबरच येतो. हे फंक्शन सेकंदाऐवजी २५० मिलिसेकंदांनी चालवावे, नाहीतर थोडा थोडा उशीर साचून एखादा सेकंद पडद्यावर उमटतच नाही. मिलिसेकंदांचे सेकंद करताना हजाराने येणारा भागाकार ‘मॅथ.सील’ने वरच्या पूर्णांकात घ्यावा, म्हणजे वेळ खरोखर संपल्यावरच शून्य दिसेल. शून्य येताच ‘क्लिअरइंटर्व्हल’ने टायमर थांबवावा, अन्यथा घड्याळ उणे आकडे दाखवू लागते. पेज पुन्हा समोर येताच ‘व्हिजिबिलिटीचेंज’ या इव्हेंटवर हेच फंक्शन एकदा चालवले, की जुना आकडा क्षणभरही दिसत नाही.

विजेच्या प्रश्नासाठी संपण्याचा तो क्षण ‘लोकलस्टोरेज’मध्ये, म्हणजे पेज बंद झाले तरी टिकणाऱ्या ब्राउझरच्या साठ्यात, ठेवावा. तिथून तो अक्षररूपात परत येतो, तेव्हा ‘नंबर’ने त्याची संख्या करून घ्यावी. मात्र असे केल्यास लाईन गेलेला वेळही परीक्षेतून कापला जाईल. आपल्याकडील भारनियमन पाहता मला हे अन्यायाचे वाटते. संगणकावर बसणाऱ्या मुलांसाठी दर काही सेकंदांनी उरलेला वेळच साठवावा आणि पेज पुन्हा उघडल्यावर तेवढाच वेळ धरून संपण्याचा नवा क्षण काढावा. मोबाईलवर ही सवलत देऊ नये, कारण तिथे पेज बंद करून वेळ थांबवणे फार सोपे आहे. फोनचे घड्याळ मागे करूनही कोणी फसवू शकेल, पण सराव परीक्षेत त्याने स्वतःखेरीज कोणाचे नुकसान होत नाही. त्यासाठी सर्व्हरवरून वेळ आणण्याचा खटाटोप मी तरी करणार नाही.

प्रश्न : गावाच्या वेबसाइटवर पोळ्याला किती वेळ उरला ते दाखवतो. मोजणी मध्यरात्री संपायला हवी, पण ती पहाटे साडेपाचला संपते. असे का?

उत्तर : नुसते वर्ष, महिना आणि दिवस आडव्या रेघांनी जोडून दिले, की जावास्क्रिप्ट ती तारीख जागतिक प्रमाणवेळेची समजते आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. तारखेपुढे टी हे रोमन अक्षर, मध्यरात्रीची वेळ आणि अधिक साडेपाच तासांचा फरक लिहावा. तारीख सुट्या आकड्यांत देत असाल, तर तिथे महिने शून्यापासून मोजतात, म्हणून सप्टेंबरसाठी ८ लिहावे लागेल. पोळा श्रावण अमावास्येला येतो आणि तिथीचे गणित जावास्क्रिप्टला अवगत नाही, तेव्हा तारीख दरवर्षी पंचांगातून पाहूनच भरावी. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यासाठी त्यात एका दिवसाचे ८,६४,००,००० मिलिसेकंद मिळवले की पुरे.