ग्रामसभेत आम्ही बोललो तर चालते का?

प्रश्न: नमस्कार ताई, मी दहावीत आहे. शाळा दुसऱ्या गावी, 9 किलोमीटरवर. शाळा सुटते सव्वापाचले अन एसटी निघते पाचले, मंग दुसरी गाडी डायरेक्ट साडेसातची. आम्ही 11 पोरी स्टँडवर बसून रायतो, थंडीत तर पार अंधार पडते. ग्रामसभेत हे सांगाले उठली तर एक काका म्हणे, ए पोरी खाली बस, यादीत नाव तरी हाय काय तुह्यं? सगळे हासले. घरी बाबा माह्यावरच चिडले. आम्हाले बोलाचा हक्क नाही काय?
– दारव्हा तालुक्यातली एक मुलगी

उत्तर: बाई गं, आधी काकांचा रागच आला, पण यादीचं ते खरं बोलले. ग्रामसभेचे सदस्य म्हणजे गावचे मतदार, 18 च्या वरचे, त्यामुळे ठरावाला हात वर करता येणार नाही तुला. पण मत देणं वेगळं अन म्हणणं मांडणं वेगळं. संयुक्त राष्ट्रांचा 1989 चा बालहक्क करार आहे, भारतानं तो 1992 मध्ये मान्य केला, त्याच्या 12 व्या कलमात हेच आहे की ज्या गोष्टीचा लेकरांशी संबंध येतो त्यात त्यांचं म्हणणं ऐकायचं आणि वय, समज पाहून ते मनावर घ्यायचं. म्हणजे तू म्हणशील तेच होईल असं नाही, पण ‘खाली बस’ असंही नाही.

ग्रामपंचायतीचा ‘आमचा गाव आमचा विकास’ आराखडा बनतो ना, त्यासाठी मुलांची बालसभा घ्यायची असते. कुठं कुठं बिस्किटचे पुडे वाटले, फोटो काढला की झाली बालसभा! तुमच्याकडं कधी झाली ते ग्रामसेवकांना विचारा, नसेल झाली तर घ्या म्हणा.

आता गाडीचं. एक वही कर अन 15 दिवस रोज लिही, शाळा कितीला सुटली, गाडी कितीला आली, किती जणी थांबल्या, स्टँडचा लाईट चालू होता का. बसचा टाईम ग्रामपंचायत नाही बदलत, तो एसटीच्या आगारातून बदलतो, पण ग्रामसभेचा ठराव अन मुख्याध्यापकांचं पत्र जोडलं की अर्जाला वजन येतं. (मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकर योजनेतून. पास फुकट अन गाडीच नाही, हे अर्जात लिहाच.)

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा असते, तिथं आईला बोलू दे, पोरी अंधारात थांबतात हे बायांना समजावून सांगावं लागत नाही. बाबा मला वाटतं चार लोकांत पोरीला हसले म्हणून चिडले असतील, तर वही पहिले त्यांनाच दाखव.

अर्जावर अकराही जणींच्या सह्या घ्या. पंचायतीत ‘ठेवून जा, पाहतो’ म्हणतील, पण झेरॉक्सवर पोचेचा शिक्का मारून घेतल्याशिवाय निघू नका.