क्लायंट मधेच गेला किंवा टास्क कॅन्सल झाला की सर्व्हर नीट आवरतो का, हे टेस्ट कसं करायचं?

तुमचं म्हणणं असं की पायथनच्या एसिंकआयओवर (अनेक कामं, म्हणजे टास्क, आलटून-पालटून चालवणारी लायब्ररी) सर्व्हर आहे, क्लायंट मधेच गेले की डेटाबेसची कनेक्शन्स अडकून राहतात, आणि स्लीप (ठरावीक वेळ नुसतं थांबणं) टाकून लिहिलेली टेस्ट कधी पास होते कधी फेल.

आधी एक गोष्ट. क्लायंट गेला की हँडलर (एका क्लायंटचं काम बघणारं फंक्शन) आपोआप कॅन्सल होतो असं तुम्ही धरून चाललाय, पण एसिंकआयओच्या साध्या स्ट्रीम्समध्ये (कनेक्शनवर वाचायची-लिहायची सोय) तसं होत नाही, हँडलरला ते वाचायला किंवा लिहायला गेल्यावरच कळतं. कॅन्सल येतं टाइमआउटमधून नाहीतर शटडाउनमधून. म्हणजे टेस्टही वेगवेगळ्या लागणार.

स्लीप काढून टाका. खोटा डेटाबेस बनवा, त्याच्या क्वेरीत शिरल्या शिरल्या एक इव्हेंट (दुसऱ्या टास्कला वाट बघता येईल अशी खूण) सेट करायचा आणि मग कधीच सेट न होणाऱ्या दुसऱ्या इव्हेंटवर अडकून बसायचं. टेस्टने पहिल्या इव्हेंटची वाट बघायची, मग टास्कला कॅन्सल करायचं आणि मग त्याच टास्कला अवेट करायचं (तो संपेपर्यंत थांबायचं), कारण कॅन्सल म्हटल्याबरोबर काहीच थांबत नाही, इव्हेंट लूपची (टास्क चालवणाऱ्या चक्राची) पुढची फेरी आली की मगच कॅन्सल्डएरर ही एरर टास्कच्या आत जाऊन पडते. आणि टास्क बनवून लगेच पुढच्या ओळीत कॅन्सल केलात तर हँडलरची एक ओळसुद्धा चालत नाही, टेस्ट मात्र हिरवी! मी स्वतः अशा टेस्टवर बरेच दिवस खूश होतो.

आमच्याकडे जे झालं ते सांगतो. फायनलीमध्ये (एरर आली तरी चालणारा भाग) आधी रोलबॅक (डेटाबेसमधलं अर्धवट काम मागे घेणं) अवेट करायचो आणि त्याच्या खालच्या ओळीत कनेक्शन पूलला (तयार कनेक्शन्सचा साठा) परत द्यायचो, दिसायला एकदम बरोबर. पण टाइमआउटने एकदा कॅन्सल केलं, रोलबॅक चालू असतानाच शटडाउनने दुसऱ्यांदा केलं, आणि हे दुसरं कॅन्सल थेट फायनलीच्या आतल्या अवेटवर येऊन आदळलं. परत द्यायची ओळ राहिलीच आणि शटडाउन पूल रिकामा व्हायची वाट बघत लटकला. आता रोलबॅकभोवती आणखी एक ट्राय-फायनली आहे आणि टेस्ट मुद्दाम दोनदा कॅन्सल करते. पूलचा साइज टेस्टमध्ये १ ठेवा, १० असेल तर नऊ लीक (परत न आलेली कनेक्शन्स) गुपचूप पचतात, १ असेल तर पुढचीच रिक्वेस्ट अडकते. अख्ख्या टेस्टला बाहेरून टाइमआउट लावा म्हणजे ती लटकत न बसता फेल होईल. शेवटी ऑल_टास्क्समध्ये (न संपलेल्या टास्कची यादी) टेस्टचा स्वतःचा टास्क सोडून कोणी उरलंय का तेही तपासा, एरर आली एवढंच बघून काही कळत नाही.

नेटवर्कच्या बाजूला, क्लायंटने सरळ क्लोज केलं तर रीडला रिकामे बाइट्स मिळतात, पण सॉकेटवर एसओ_लिंगर (क्लोज करताना किती थांबायचं ते ठरवणारं सेटिंग) चालू करून वेळ ० दिली आणि मग क्लोज केलं तर आरएसटी (कनेक्शन झटक्यात तोडणारा टीसीपीचा संदेश) जातं आणि कनेक्शनरीसेटएरर येते. कोडमधले हे दोन वेगळे रस्ते आहेत, दुसरा सहसा कोणी टेस्ट करत नाही. टेस्टमधल्या सर्व्हरला पोर्ट ० द्या, मोकळा पोर्ट ओएस देईल.

आणि हो, कुठे एक्सेप्ट एक्सेप्शन लिहिलंय का बघा. ३.८ पासून कॅन्सल्डएरर बेसएक्सेप्शनखाली गेली म्हणून त्यात सापडत नाही, पण पुढे प्रकार न लिहिता नुसतं एक्सेप्ट असेल तर ती आजही गिळली जाते आणि ते व्हाइल लूपमध्ये असेल तर टास्क मरतच नाही. हँडलरचा कोड टाकलात तर बघून सांगतो.