काठी पिवळी आणि पट्टी हिरवी असेल तर बांबू कोणत्या जातीचा? तो पळणारा, म्हणजे जमिनीखालून दूरवर पसरणारा, आहे का?

"पांढरी गाय आहे, कोणाची ते सांगा" असं विचारल्यासारखं झालं! या रंगसंगतीचे निदान तीन बांबू आहेत आणि तिघांचे स्वभाव वेगळे. मीही एकदा रंगावर भाळून रोप आणलं होतं. तिसऱ्या वर्षी कोंब फरशीच्या फटीतून वर आले, तेव्हा काठी नीट बघायची बुद्धी झाली.

आधी काठीवर, फांदी फुटलेल्या गाठीच्या जरा वर, अंगठा फिरवा. तिथे कांड्याला (दोन गाठींमधल्या भागाला) उभी पन्हाळ, म्हणजे खोबण, लागली तर तो फिलोस्टॅकिस या गटातला, म्हणजे पळणाराच. वरच्या गाठीला फांद्या दुसऱ्या बाजूला असतात, म्हणून पन्हाळही बाजू बदलत जाते. दर गाठीला फांद्या दोनच, एक जाड आणि एक बारीक. कधी मध्ये तिसरी काडीएवढी.

तुमची हिरवी पट्टी या पन्हाळीतच असेल तर बहुधा दोन शक्यता उरतात, दोन्ही फिलोस्टॅकिसच्याच जाती. कोवळी काठी बारीक पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागली तर ऑरिओसल्काटा जातीचा 'स्पेक्टाबिलिस' हा वाण. त्याच्या काही काठ्या बुडाशी नागमोडी वळतात. गुळगुळीत लागली तर बांबुसॉइड्स जातीचा 'कॅस्टिलोनिस'. आणि पन्हाळच नसेल, हिरव्या रेघा कशाही ओढल्यासारख्या असतील, तर बहुधा बांबुसा व्हल्गारिसचा पिवळा प्रकार. तो बेट करून राहतो, पळत नाही.

खात्री करायची तर रोप कुंडीतून उपसा. बेटाच्या बांबूचा कंद आल्यासारखा जाड, आखूड असतो आणि त्याचं टोकच वर वळून काठी होते. पळणाऱ्याचा कंद हरळीसारखा: काठीपेक्षा बारीक, लांबच लांब, गाठीगाठीला डोळा. कुंडीच्या कडेने गोल फिरलेला दिसला की समजा. (मेलोकॅना हा बांबू मात्र दोन्हीकडचा. कंद बेटवाल्यांचा, पण त्याची मान इतकी लांब की काठ्या फटकून उगवतात.)

फिलोस्टॅकिसमधले बाकीचेही रंगाने फसवतात. ऑरिआ म्हणजे 'सोनेरी', पण सावलीत तो हिरवाच राहतो. त्याची खूण बुडाशी: खालची कांडी चेपल्यासारखी आखूड, गाठी एकमेकींवर चढलेल्या, तिरक्या. नायग्रा, म्हणजे काळा बांबू, पहिल्या वर्षी हिरवा असतो आणि पुढच्या एक-दोन वर्षांत काळवंडतो. त्यामुळे हिरवी काठी दिसली म्हणून रोप परत करू नका. मोसो, म्हणजे एडुलिस, या सगळ्यांत दांडगा. पण त्याची पानं अगदी लहान आणि नव्या काठीवर मखमलीसारखी लव. ती लव एकदा बोटाला लागली की विसरत नाही.

पन्हाळ नसलेले पळणारेही आहेत. सासा या गटातल्या बांबूंना गाठीला एकच फांदी, काठीइतकीच जाड, आणि पानं रुंद. त्यातल्या व्हिची जातीच्या पानांच्या कडा थंडीत वाळून पांढुरक्या होतात, झाड आजारी आहे असं वाटतं, पण ते त्याचं रूपच. स्यूडोसासा जॅपोनिका, म्हणजे बाणांचा बांबू, याची खोळ (कोंबाभोवतीचं आवरण) गळतच नाही. कांडं जवळजवळ झाकलेलं राहतं. किमोनोबांबुसा क्वाड्रांग्युलारिसची काठी चिमटीत फिरवली तर चार कोपरे जाणवतात, आणि खालच्या गाठींवर काटे. ते काटे म्हणजे खरं तर मुळंच.

काठीच्या जाडीवरून मात्र काही ठरवू नका. मोसोचं लहान रोपही बोटाएवढंच असतं, आणि एकदा वर आलेली काठी पुढे जाड होत नाही. जाडी वाढते ती दर वर्षीच्या नव्या कोंबात.

पन्हाळ आहे का, तेवढं बघून कळवा. आणि नवा कोंब आला की खोळ गळायच्या आत तिचा जवळून फोटो काढा. बांबुसॉइड्सच्या खोळीला वर दोन कानांसारखे भाग आणि केस असतात, त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या व्हिव्हॅक्सला ते नसतात. जुन्या काठीवर हे शोधून सापडत नाही.