मुलांना रणगाडे दाखवायला नगरला न्यावे का?

आपल्या आठवीत आणि दहावीत शिकणाऱ्या दोन्ही मुलांना युद्धाच्या इतिहासाची आवड आहे, तेव्हा त्यांना भुसावळहून खास अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय दाखवायला न्यावे का आणि तेथे नेमके काय पाहावे, असे आपण विचारले आहे. मी धुळ्यात इतिहास शिकवतो आणि शाळेच्या सहलींबरोबर तेथे गेलो आहे. जरूर न्यावे, असेच मी म्हणेन. मात्र निघण्यापूर्वी एखादी संध्याकाळ काढून मुलांना १९६५ आणि १९७१ च्या युद्धांविषयी सांगावे, कारण तेथील फलकांवर यंत्राची माहिती भरपूर मिळते, पण त्या यंत्रात बसलेल्या माणसांविषयी फार थोडे कळते.

नगर-सोलापूर रस्त्यालगतचे हे संग्रहालय लष्कराच्या चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्राने १९९४ मध्ये उभारले. रोल्स-रॉइसच्या जुन्या चिलखती मोटारीपासून दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश माटिल्डा, व्हॅलेंटाईन आणि चर्चिल, फ्रेंच एएमएक्स-१३ आणि तमिळनाडूतील आवडी येथे तयार झालेल्या विजयंतापर्यंत बरेच काही तेथे मांडलेले आहे. सगळेच बारकाईने पाहण्याचा आग्रह धरू नये. तीन-चार रणगाडे निवडून त्यांच्यापाशी थांबावे.

त्यांतला पहिला जपानी हा-गो. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपान्यांनी वापरलेला हा रणगाडा अवघा सात-साडेसात टनांचा असून त्याचे पातळ पत्रे रिव्हेट, म्हणजे दोन्ही टोके ठोकून बसवलेल्या जाड खिळ्या, मारून जोडलेले आहेत. त्या रिव्हेटा मुलांना जवळून दाखवाव्यात, आणि मग पॅटन या अमेरिकी रणगाड्यापाशी नेऊन त्याचा वरचा, तोफ बसवलेला फिरता भाग दाखवावा. तो अखंड ओतीव पोलादाचा आहे, त्यावर कोठेही सांधा दिसत नाही. दरम्यानच्या पंधरा-वीस वर्षांत रणगाडा किती बदलला, हे सांगायला मग वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

पॅटनपाशी मात्र वेळ द्यावा. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानने याच रणगाड्यांच्या भरवशावर पंजाबात खेमकरणच्या बाजूने मुसंडी मारली होती. असल उत्तर गावाजवळ आपल्या सैन्याने घोड्याच्या नालेच्या आकाराची मोर्चेबांधणी केली, शेतांत पाणी सोडले आणि उसाच्या आडोशाने रणगाडे दडवले. पावसाळ्यात कपाशीच्या काळ्या रानात ट्रॅक्टर रुतला की काय होते, हे खानदेशातल्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही. तेथे तर पन्नास टनांच्या आसपास वजनाची धुडे चिखलात अडकली होती. ८ ते १० सप्टेंबरच्या त्या लढाईत पाकिस्तानचे सुमारे शंभर रणगाडे नष्ट झाले किंवा आपल्या हाती लागले. जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस, म्हणजे डागताना मागे धक्का न देणाऱ्या हलक्या तोफेने पॅटन टिपणारे अब्दुल हमीद तेथेच धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. मी मुलांना जीप आणि पॅटन यांच्यातला फरक डोळ्यांसमोर आणायला सांगतो. त्यानंतर मुले काही वेळ गप्प उभी राहतात.

सेंच्युरियन या ब्रिटिश रणगाड्यापाशी पूना हॉर्स या रेजिमेंटची आठवण काढावी. १९६५ मध्ये तिचे नेतृत्व करणारे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर आणि १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत, पेटलेला रणगाडा सोडण्याचा आदेश मिळूनही लढत राहिलेले, पुण्यात जन्मलेले एकवीस वर्षांचे अरुण खेत्रपाल हे दोघेही सेंच्युरियनवरच लढले आणि दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्या पोलादी पोटात चौघे जण दाटीवाटीने बसत आणि दारूगोळाही त्यांच्याच शेजारी असे. एवढे सांगून मुलांना वरच्या झाकणाकडे पाहायला लावावे.

हाताशी वेळ असेल तर नगरच्या भुईकोट किल्ल्याचीही माहिती त्यांना द्यावी, कारण महायुद्ध चालू असताना, ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरू, पटेल, आझाद आदी नेत्यांना इंग्रजांनी तेथेच स्थानबद्ध केले. त्यानंतर महिनाभरात, ९ सप्टेंबरला, आपल्या नंदुरबारमध्ये शाळकरी शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळीबारात हुतात्मा झाले. तो आपल्या थोरल्या मुलाच्याच वयाचा होता, आणि युद्धाचा काळ म्हणजे केवळ रणांगण नव्हे, हे मुलांना त्यातून आपोआप उमगते.

प्रवासासाठी भुसावळ-जळगावहून मनमाडमार्गे नगरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस सोयीची आहे. जायचे तर थंडीत जावे, कारण बहुतेक रणगाडे उघड्यावर आहेत आणि उन्हाळ्यात पोलाद हात लावू देत नाही. परिसर लष्कराचा असल्याने सर्वांची ओळखपत्रे सोबत ठेवावीत, छायाचित्रे काढण्यापूर्वी तेथील जवानांना विचारावे आणि मुलांना रणगाड्यांवर चढू देऊ नये.