मागचे शॉकअप बदलले तरी स्पीडब्रेकरवर मागून आवाज येतोच, काय करावं?

आता आणखी पार्ट बदलू नका, आधी डिकी पूर्ण रिकामी करा. स्टेपनी, जॅक, पाना, पार्सल ट्रे सगळं बाहेर. मागच्या सीटची पाठ लॉकमध्ये घट्ट बसलीय का बघा. मग त्याच रस्त्यावरून त्याच स्पीडने जा. आमच्या गाडीत दोन महिने छळणारी खडखड शेवटी सैल पडलेल्या जॅकची निघाली!

तरीही आवाज आला तर तो नीट ऐका. कुईकुई असेल तर बहुतेक रबर बुश, म्हणजे मागचा ॲक्सल गाडीला जोडलेला असतो त्या जोडातलं रबर. त्यावर पाणी मारा, आवाज थोडा वेळ थांबला तर तोच. टकटक असेल तर शॉकअपचं वरचं माउंटिंग, म्हणजे शॉकअपचं वरचं टोक बॉडीला जोडतं ती जागा, तपासा. एकाने मागून गाडी दाबून सोडायची, दुसऱ्याने आतून माउंटिंगच्या नटाजवळ बोट ठेवायचं. ढिला असेल तर झटका बोटाला कळतो.

बुश बदललेच, तर ॲक्सलचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचं वजन चाकांवर हवं. लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना आवळले की गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. घाईत हे हमखास राहून जातं, म्हणून मेकॅनिकला आधीच सांगा आणि समोर उभं राहून करून घ्या.