काळी माती एवढं पाणी धरते, मग आमच्या बोअरला पाणी का नाही?

तुमचा प्रश्न असा, की पुण्याजवळच्या वाघोलीच्या प्लॉटवर सहा-सात फूट काळीभोर माती आहे, पावसाळ्यात चिखल आठवडाभर हटत नाही, तरी बोअर मार्चमध्येच दम टाकतो. आणि पलीकडच्या मुरमाड प्लॉटवरचा मेपर्यंत चालतो.

चिखल हटत नाही, गोम तिथेच आहे. पाणी धरणं वेगळं आणि सोडणं वेगळं. काळ्या मातीत पोकळी भरपूर, जवळपास निम्मी. पण कण इतके बारीक की पाणी त्यांना चिकटून बसतं. ज्वारी-हरभऱ्याची मुळं ते ओढून घेतात, विहिरीच्या वाट्याला फारसं येत नाही. वाळूत पोकळी त्याहून कमी, पण तिच्यातलं बरंचसं पाणी आपल्या वजनानेच खाली उतरतं. शिवाय काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. वळवाचं पाणी त्या भेगांतून आत शिरतं, मग माती फुगते, भेगा मिटतात आणि जुलैचा पाऊस वरच्यावर वाहून जातो.

आपल्याकडचा खरा साठा मुरमात, म्हणजे झिजून भुसभुशीत झालेल्या खडकात, आणि त्याखालच्या कातळाच्या चिरा-सांध्यांत. अखंड काळ्या पाषाणात पाणी नसतं, म्हणून वीस फुटांच्या अंतरावर एका बोअरला पाणी लागतं आणि दुसऱ्यातून नुसता राखाडी भुगा उडतो. मधेच लाल गेरूचा पट्टा आला तर तो बहुधा पाणी खाली जाऊ देत नाही.

पण हा साठाही मोठा नाही. मुरूम झालेल्या, चिरा पडलेल्या बेसाल्टमधून (हाच आपला काळा पाषाण) सुटणारं पाणी त्याच्या घनफळाच्या साधारण 2 टक्के धरतात. दहा गुंठ्यांखाली पातळी 5 मीटर उतरली तर हाती येतं जेमतेम 1 लाख लिटर, म्हणजे दहा टँकर. सोसायटीला ते किती दिवस पुरणार, तुम्हीच बघा.

पाणी जमिनीत मुरवायला शोषखड्डा करायचाच तर काळी माती पार करून मुरमापर्यंत न्या. मातीतच थांबलेला खड्डा म्हणजे पैशांचा चुराडा. संध्याकाळी पाण्याने भरून ठेवा. सकाळी पातळी तेवढीच असेल तर एकतर अजून मातीत आहात, किंवा थेट कातळावर बसलात. त्यात छताचंच पाणी सोडा, तेही वाळू-खडीतून गाळून. अंगणातलं गढूळ पाणी मुरमाची तोंडं बुजवतं. (तळघरात पार्किंग काढणारे तर हा मुरूमच डंपरने उचलून नेतात आणि मग झिरपणारं पाणी वर्षभर पंपाने गटारात सोडत बसतात. पुण्यात हे सर्रास चालतं.)

आणखी एक, केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाइप, किती फूट टाकलंय ते बोअरवाल्याला विचारा. मुरूम ढासळू नये म्हणून ते कातळापर्यंत नेतात, पण त्याने मुरमातलं पाणीही बाहेरच अडतं. जवळ जुनी आड-विहीर असेल तर आधी तिचा गाळ काढा. मुरमातलं पाणी तिला मिळतं, बोअरला नाही.