जवळा डोलीचा प्रकार कसा झाला?

प्रश्न: ताई, मी वर्सोवा कोळीवाड्यात राहते, लायब्ररी सायन्स करतेय. मासेमारीवरच्या मराठी पुस्तिका, सरकारी पत्रकं आणि आजीच्या रेकॉर्ड केलेल्या गप्पा असा बराच मजकूर टाइप करून ठेवलाय, त्यातून ऑन्टोलॉजी बनवायचीय, म्हणजे काय कशाचा प्रकार, काय कशाने पकडतात, कशापासून काय होतं असं सगळं जोडून. छोटा प्रोग्रॅम लिहिला तर तो म्हणतो जवळा, म्हणजे ती बारीक कोळंबीसारखी मासळी, हा डोलीचा, म्हणजे मासे पकडायच्या जाळ्याचा, प्रकार आहे. आजी इतकी हसली की विचारू नका. चुकलं कुठे?

उत्तर: अगं, प्रोग्रॅमने सांगितलं तेच केलं. तू बहुतेक 'वगैरे'वर भरवसा ठेवलायस. इंग्रजीतल्या 'सच ॲज'सारख्या शब्दांवरून जात (म्हणजे मोठा गट, जसा मासळी) आणि तिचे नमुने ओळखायची ही युक्ती संगणकशास्त्रज्ञ मार्टी हर्स्ट यांनी 1992 मध्ये मांडली. तिथे जात आधी येते, आपल्याकडे शेवटी, 'बोंबील, मांदेली, जवळा वगैरे मासळी', म्हणून आपण सांगतो की वगैरेच्या पुढचं नाम उचल, आणि मग आजी म्हणते 'बोंबील, जवळा वगैरे डोलीत मिळतो' की संपलं, प्रोग्रॅम डोल उचलून मोकळा. पण ते वाक्य फेकू नकोस, '-त मिळतो' किंवा '-त सापडतो' दिसलं की वेगळं नातं लिही: जवळा, कशाने पकडतात, डोल. नुसता प्रत्यय बघून मात्र गाळू नकोस, 'वगैरे माशांना भाव आहे' यात प्रत्यय असूनही जात बरोबरच आहे.

तसंच 'हा अमुक आहे' या साच्याचं. पापलेट 2023 मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा जाहीर झाला, म्हणून पापलेट हा राज्यमाशाचा प्रकार होत नाही, तो त्याला मिळालेला मान आहे.

शब्द मोजताना आधी मूळ रूपावर आण, नाहीतर बोंबील, बोंबलाचं, बोंबलांना हे तीन वेगळे शब्द धरले जातात आणि बिचारा बोंबील यादीत खाली जातो. (माशांचा म्हणजे मासा की माशी हे तर देव जाणे, लोक दोन्ही तसंच लिहितात.) आणि नुसती संख्या बघू नकोस, 'पाणी' कुठल्याही मजकुरात भरपूर असतं, 'डोल' तुझ्याच मजकुरात असते. इकडे वारंवार, बाकीकडे क्वचित, असा शब्द आधी हाताशी घे.

आता खरी गंमत. इंग्रजीतल्या नावाच्या शेवटच्या शब्दावरून जात ठरवायची युक्तीही खूप जण वापरतात. त्या हिशोबाने बॉम्बे डक, म्हणजे बोंबील, बदक ठरतं. आणि ब्लॅक पॉम्फ्रेट, म्हणजे आपला हलवा, पापलेटचा प्रकार ठरतो, जीवशास्त्रात मात्र तो पापलेटच्या कुळातच नाही, वेगळ्या कॅरँजिडी कुळातला आहे. हे तुझ्या मजकुरात शोधून सापडणार नाही, सांगणारं कोणीतरी लागतं.

जवळ्याचंही तेच. बाजारात ती मासळी, जीवशास्त्रात कवचधारी. भांडत बसू नकोस, बाजाराची एक रचना आणि शास्त्राची दुसरी ठेव, शब्द दोन्हीकडून जोड. आणि सुकट? ती वाळवलेला जवळा, म्हणजे प्रकार नाही, 'वाळवून होतं' असं नातं. मला विचारशील तर ऑन्टोलॉजीत बहुतेक घोळ इथेच होतो, सगळीच नाती 'प्रकार आहे' मध्ये कोंबली जातात. प्रत्येक जोडी कागदावर काढ, आजीला वाचून दाखव. जिथे ती हसेल तिथे खूण कर.

प्रश्न: हे सगळं चॅटबॉटला सांगून होत नाही का? उगाच एवढी मेहनत कशाला? (परळहून)

उत्तर: होतं की, यादी तर झटकन देतो. फक्त प्रत्येक नात्यासोबत तुमच्याच मजकुरातलं वाक्य मागा आणि ते खरंच तिथे आहे का ते मूळ फाइलमध्ये शोधून बघा, नसेल तर ती ओळ उडवा. तयार रचना बघायची असेल तर पवईच्या आयआयटीचं मराठी वर्डनेट, म्हणजे शब्द आणि त्यांची नाती जोडलेला कोश, चाळा. जोडण्या नीट मांडायला स्टॅनफर्डचं प्रोटेजे हे ऑन्टोलॉजी बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पहिल्या दिवशी डोकं फिरतं, मग सवय होते.